कुऱ्हाडे सिस्टर आणि बाळंतपणाची खोली

जगाची एकूण सतरा ध्येयं आहेत, आणि ती सगळी उंबरदऱ्याच्या उपकेंद्रात ज्या भिंतीला ओल येते त्या भिंतीवर लावलेली होती. रंगीत चौकोनांचं मोठं पोस्टर होतं ते. गरिबी नको, भूक नको, सर्वांना आरोग्य, सर्वांना शुद्ध पाणी, असं एकेका चौकोनात. कुऱ्हाडे सिस्टरांनी ते अशा बेतानं लावलं होतं की ओलीचा डाग बरोबर झाकला जाईल. त्या नादात खालची ओळ औषधांच्या कपाटामागं गेली. त्यामुळे हवामानबदल आणि जागतिक भागीदारी ही ध्येयं उंबरदऱ्यात आजवर कुणी पाहिलेली नाहीत.

हे पोस्टर पुण्याच्या एका प्रशिक्षणात मिळालं होतं. शिकवणारे सर म्हणाले, आपण सगळे मिळून ही ध्येयं गाठणार आहोत, आणि त्यात नर्सचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. सिस्टरांनी हात वर केला.

"सर, तिसरं आरोग्याचं, ते आमचं, समजलं. पन दुसरं भुकंचं, सहावं पाण्याचं. पोटात अन्न नाय, पाणी गढूळ, ते पेशंट शेवटी येतंय कुठं? माझ्याच दारात. मग बाकीच्या ध्येयांना येगळी सिस्टर हाय का, का तीबी मीच?"

सर म्हणाले, फार छान प्रश्न आहे. मग चहाची सुट्टी झाली.

मला हे आशाताईंनी सांगितलं. आशाताई म्हणजे गावातली आरोग्याची कामं करणारी बाई, सिस्टरांचा उजवा हात. मी त्या वेळी उपकेंद्राच्या वरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून लागले होते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भाताची दोन खाचरं आणि नाचणीचा उतार असलेल्या घरातली मी. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, कारण विचारायची वाट बघत बसलं की सांगायचं राहून जातं.

सिस्टरांनी मला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "कंत्राटी का परमनंट?"

"कंत्राटी."

"मग चहा माझ्याकडून. परमनंट झालीस की तू पाज."

मी अजून त्यांचाच चहा पिते.

सिस्टरांचं माहेर राजुरीचं, सासर आळ्याचं. दोन्हीकडं पाणी, ऊस, दुभती जनावरं. त्यामुळे डोंगरात नोकरी करताना सिस्टरांच्या बोलण्यात थोडा पाटीलकीचा वास यायचा. उंबरदऱ्यात कुणी चहा दिला की पहिला घोट घेऊन म्हणायच्या, "ह्याला दूध म्हन्त्यात व्हय? आमच्या राजुरीला यावा एकदा." मग दुसरा कप मागायच्या. लोकांनी त्यांना मनावर घ्यायचं केव्हाच सोडलं होतं. "नावातच कुऱ्हाड हाय, बोलनारच," असं म्हणून हसायचे आणि आपली पोरं त्यांच्यापुढं सुईला धरायचे.

स्कूटीवरून येताना गणवेशाच्या साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा चौकटीचा शर्ट, डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट, आणि खांद्याला लशीचा निळा डबा. वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायच्या. हॉर्न ऐकला की लहान पोरं पळून जायची आणि म्हाताऱ्या बाहेर यायच्या. सिस्टरांना पोरांची चिंता नव्हती. त्या म्हाताऱ्यांनाच शोधत असायच्या. "सासू पटली की घर पटलं," हे त्यांचं सगळ्यात मोठं शास्त्र. कुणी पाया पडायला आलं की मागं सरकायच्या. "नमस्कार नको मला. हात धुवून ये, मग बोल." देवमाणूस वगैरे म्हटलेलं तर अजिबात खपायचं नाही. "देवाला पगार नसतोय, बदली नसती. मला दोन्ही हाय."

गुपित त्यांच्या पोटात राहायचं नाही. कुणाच्या घरी नवा टीव्ही आला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं आधी त्यांच्याकडून कळायचं. आजाराचं मात्र कधीच नाही. मी एकदा एका बाईबद्दल सहज विचारलं, तर म्हणाल्या, "तिच्या सासूबद्दल इचार, सांगते."

या सिस्टरांचा जीव एका खोलीत होता.

उपकेंद्राच्या मागच्या अंगाला बाळंतपणाची खोली. आत टेबल, मोठा दिवा, बाळाला ऊब द्यायचं यंत्र, आणि खिडकीला सिस्टरांनी स्वतः शिवलेला पडदा. खाली तालुक्याच्या गावापर्यंत घाट उतरून जायचं म्हणजे पावसात अर्धा दिवस मोडतो, म्हणून ही खोली. पण वरून नियम असा आला की ज्या उपकेंद्रात पुरेशी बाळंतपणं होत नाहीत तिथली खोली बंद करायची आणि सामान जास्त गर्दीच्या ठिकाणी हलवायचं. माझ्या कंप्युटरच्या पडद्यावर उंबरदरा कायम लाल रंगात दिसायचं. सिस्टर आमच्या केंद्रावर आल्या की माझ्या खुर्चीमागं उभं राहून विचारायच्या, "आजूनबी लाल?"

"लालच."

"रंग खराब झाला असंल तुझ्या मशिनीचा."

खोली लाल का, तर आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. यात कुणी वाद घालत नाही. उंबरदऱ्यात आलेल्या सुना सातव्या महिन्याचं जेवण झालं की आपापल्या माहेरी निघून जायच्या, आणि तिथल्या आकड्यात धरल्या जायच्या. उलट उंबरदऱ्याच्या लेकी, खाली नारायणगाव, आळे, राजुरीकडं कामाला जाऊन तिथंच राहिलेल्या आपल्याच लोकांत दिलेल्या, त्या पोट सांभाळत वर यायच्या. सासरी दवाखाना रस्त्यापलीकडं, डॉक्टर, ऑपरेशनची सोय, सगळं. आणि बाई नवव्या महिन्यात जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, घाट चढून, डोंगरात बाळंत व्हायला यायची.

सिस्टर त्यांना फाडून खायच्या. "अगं, तुझ्या सासरी खिडकीतनं डॉक्टर दिसतोय. हितं काय माझं तोंड बघाया आलीस?"

"आई हितं हाय ना, सिस्टर."

आणि दुसरीही गोष्ट होती. ह्या लेकी आल्या नसत्या तर खोली कधीच गेली असती. ज्या रिवाजाला त्या सकाळी शिव्या द्यायच्या त्याच रिवाजावर त्यांची खोली तगून होती. हे त्यांना माहीत होतं. म्हणून शिव्या दिल्यावर त्या स्वतःच उठून टेबलावरची चादर बदलायच्या.

रक्तवाढीच्या गोळ्यांची हकीकत सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाता येत नाही, कारण त्यात माझाही कंप्युटर अडकला होता.

गरोदर बायकांना या गोळ्या द्यायच्या असतात. बायका घ्यायच्या, हसून पदरात बांधायच्या आणि परसात टाकायच्या. गोळी खाल्ली की पोटातलं मूल थोराड होतं आणि बाळंतपण अवघड जातं, असं सासवांचं ठाम मत. आशाताईंना एका घराच्या उकिरड्यात गोळ्यांची पाकिटं मिळाली, न उघडलेली. सिस्टरांनी ना भाषण केलं ना तक्ता दाखवला. त्या घरी जाऊन ओट्यावर बसल्या आणि सासूला म्हणाल्या, "मावशे, ह्या गोळीनं सुनंच्या अंगात ताकद येती. मग ती तुमचं ऐकंल का, ह्याची मला शंका हाय. म्हनून म्हन्ते, आधी तुमी खावा. ताकद तुमची जास्त पायजे."

सासूनं विचार केला आणि गोळी खाल्ली. सून चार पावलं मागं राहायला नको म्हणून तिनंही खाल्ली. सिस्टरांनी हा प्रयोग घरोघर केला.

आता या म्हाताऱ्या जन्मभर भात लावून, पोरं काढून, शेवटच्या भाकरीवर भागवत आलेल्या. रक्त त्यांच्यातही कुठं होतं? महिन्या-दोन महिन्यांत त्यांना चढण चढताना दम लागेनासा झाला. मग त्या आपणहून उपकेंद्रावर येऊन बसायला लागल्या. "सिस्टर, ती काळी गोळी संपली बगा." गावात गरोदर बायका मोजक्या आणि गोळ्या संपतायत भराभर. वरून मला विचारणा आली, उंबरदऱ्यात गरोदर मातांपेक्षा गोळ्या जास्त कशा खपतात. मी पडद्यावर सगळीकडं शोधलं. सासू नावाचा रकाना कुठं नव्हता.

मी सिस्टरांना विचारलं, काय भरू?

"भर की. म्हणावं, ध्येय गाठता गाठता थोडं पुढं गेलो."

शेवटी साहेबांनी, म्हणजे आमच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, कुठून तरी जादा गोळ्या मिळवून दिल्या. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर त्याचे साहेब होते, एवढंच.

त्यानंतर पाहुणे आले. दिल्लीहून आणि बाहेरदेशातून, जगाच्या ध्येयांचं कुठं काय चाललंय ते पाहणारे. डोंगरातलं उपकेंद्र आणि तिथं बाळंतपणात एकही बाई दगावलेली नाही, हे त्यांना बघायचं होतं. इंग्रजी बोलणारं माणूस पाहिजे म्हणून मला बोलावलं. मी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. बापानं मला घाटाखालच्या कॉलेजात घातलं त्याचं त्या दिवशी चीज झालं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

एका उंच बाईंनी विचारलं, ही ध्येयं गाठायला तुम्हाला कशाची गरज आहे? मी मराठीत सांगितलं. सिस्टरांनी पदर खोचला.

"म्हनावं, जीप. उपकेंद्राची सोताची. रुग्णवाहिका येस्तवर पोराचं बारसं व्हतंय. दुसरं, सासवांसाठी गोळ्या, दरमहा, न मागता. तिसरं, ह्या भिंतीची वल. चवथं, खोली बंद करू नका, आकडा कमी दिसतोय म्हनून. आकडा कमी हाय कारण पोरी लांब दिल्यात, बाळं कमी नायत. आन म्हनावं, तुमी पावसात या एकदा, मंग इचारा."

मी इंग्रजीत सांगितलं की वाहतुकीची सोय, वृद्ध स्त्रियांचं पोषण आणि सेवांचं सातत्य या तीन गोष्टींची गरज आहे. पाहुण्या बाईंनी मान हलवून लिहून घेतलं.

सिस्टर माझ्याकडं बघतच राहिल्या. "मी एवढं बोलले आन तू एवढुसंच?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, सिस्टर."

"वल सांगितलीस का?"

मी सांगितली नव्हती. पाहुण्यांनी पोस्टरापुढं त्यांचा फोटो काढला. फोटोत ध्येयं छान आली आहेत.

पाहुणे गेल्यावर साहेबांचा फोन आला. मी शेजारी होते, कारण उपकेंद्रात रेंज फक्त बाहेरच्या पायरीवर येते आणि त्या पायरीवर आम्ही दोघी बसलो होतो. साहेब म्हणाले, "सिस्टर, पाहुणे खूश झालेत. या तिमाहीत अजून एक बाळंतपण दाखवा, मी वर बोलतो, खोली वाचते. एकच."

एक होतं. हौसाबाईंची लेक मनीषा. तिचा नवरा नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला पिकअप चालवायचा. मनीषा दिवस भरत आले तशी रिवाजाप्रमाणं माहेरी आली होती. साहेबांचं बोलणं सिस्टरांनी गुप्त ठेवलं असतं तर नवल. आठवडाभरात अख्खं गाव मनीषाच्या पोटाकडं बघायला लागलं. ती पाण्याला निघाली की कुणीतरी हंडा काढून घ्यायचं. सरपंच देवळात तिच्या नावानं नारळ फोडून आले. पोरगी एवढी लाजली की घराबाहेर पडेना.

लसीकरणाच्या दिवशी सकाळी हौसाबाई तिला तपासायला घेऊन आल्या. मी पायरीवर बसून नावं भरत होते. सिस्टरांनी तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडूनच राहिला. बीपी मोजलं. परत मोजलं. दुसऱ्या हाताला पट्टा बांधून परत मोजलं.

"डोकं दुखतंय का गं?"

"उलिसं. उन्हाचं असंल."

"डोळ्यापुढं चमाकतं?"

"कधीमधी."

सिस्टरांनी पट्टा सोडून गुंडाळला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर धुतलेली चादर अंथरलेली, दिवा पुसून ठेवलेला, सगळं मनीषासाठी. सिस्टरांनी उठून ते दार ओढून घेतलं आणि आशाताईंना सांगितलं, "रुग्णवाहिकेला फोन लाव. आन जीप आडव."

हौसाबाई उभ्या राहिल्या. "सिस्टर, खोली तुमची, हात तुमचा. खाली कशापायी?"

"हात माझाच हाय गं. पन हिचं बीपी माझं ऐकत नाय. हितं झटकं आलं तर मी काय करू? खाली नारायणगावला डाक्टर हाय, ऑपरेशन हाय."

तोवर सरपंच आले. त्यांनी जरा बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "सिस्टर, उद्यापत्तुर बघा की. यखादी कळ आली, झालं मोकळं, तर खोलीचं काम व्हतंय. गावाचा प्रश्न हाय."

"सरपंच, कळा खोलीला येत नायत. पोरीला येत्यात. सरा."

रुग्णवाहिका दुसरीकडं गेलेली होती. जीप बाजाराला निघालेली, वरपर्यंत भरलेली. सिस्टरांनी माणसं उतरवली. भाजीच्या पाट्याही उतरवल्या. एकजण म्हणाला, "आमी आता जायचं कसं?" सिस्टर म्हणाल्या, "तुमाला दिवस गेल्यात का?" झटके येऊ नयेत म्हणून मनीषाला इंजेक्शन दिलं, तिला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर घेतलं, आणि स्वतः तिच्या पायाशी बसल्या. जीप गेली. उतरलेली माणसं, पाट्या, सरपंच आणि मी, सगळे उपकेंद्रापुढं उभे राहिलो. गावाची खोली त्या जीपमधून खाली चालली आहे हे सगळ्यांना कळत होतं. थोड्या वेळानं सरपंचच म्हणाले, "ब्येस केलं तिनं," आणि एक पाटी उचलून सावलीत ठेवली.

दुपारी सिस्टरांचा फोन आला. "पोरगी झाली. ऑपरेशन लागलं. दोघी बऱ्या हायत." मग म्हणाल्या, "तुझ्या मशिनीत नारायणगावात धर."

मी धरलं. उंबरदरा लालच राहिलं.

पुढच्या महिन्यात टेम्पो आला. साहेब स्वतः आले होते, त्यांना वाईट वाटत होतं, त्यांनी दोन कप चहा घेतला. टेबल गेलं, दिवा गेला, ऊब द्यायचं यंत्र गेलं. सिस्टर हमालांवर ओरडत होत्या, भिंत खरवडू नका म्हणून. पडदा त्यांनी काढून घेतला. खोलीवर नवी पाटी आली, योग आणि समुपदेशन कक्ष. रंगीत सतरंज्या आल्या. दिवसभर चिखलात वाकून भात लावलेल्या बायकांना संध्याकाळी सतरंजीवर वाकायला शिकवायचं, असा कार्यक्रम होता. बायका यायच्या आणि हसून लोळायच्या. "सिस्टर, सकाळधरनं हेच केलं की," म्हणायच्या.

खोली गेली, पण रिवाज कुठं गेला? लेकी येतच राहिल्या. आता वर काहीच सोय नाही, हे माहीत असून यायच्या. सिस्टर घरोघर फिरल्या. "पोरीला सासरीच ठेवा. आयांनो, तुमीच खाली जावा, लेकीपाशी राहा. आई पायजे ना तिला? आई घेऊन जा."

हे बोलणं सोपं होतं. पण लेकीला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाहीत. पिलं तर लोक नावं ठेवतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घशाखाली उतरत नाही ते वेगळंच. ठकूबाई म्हणून एक विधवा बाई होती, तिची एकुलती लेक सोनाली आळ्यात दिलेली. सिस्टरांनी ठकूबाईंना दोन तास समजावलं. ठकूबाई शांतपणे नाचणी निवडत राहिल्या.

"जाते की. पन त्यांच्या दारात पाणी न पिता म्हैनाभर राहू कशी, ते सांगा."

सिस्टर चिडून उठल्या, शर्ट चढवला, हेल्मेट घातलं, स्कूटीला किक मारली आणि परत बंद केली.

"माझ्या घरचं पाणी चालतं का तुला?"

"तुमचं न चालाया काय झालं?"

"मंग आळ्याला माझ्या घरी चल. बोचकं बांध."

सिस्टरांच्या घरी वरती दोन खोल्या होत्या, पोरासाठी बांधलेल्या. पोरगा पुण्यात कंपनीत लागला आणि तिकडंच राहिला. खोल्यांत कांदा ठेवायचे. कांदा खाली आला आणि ठकूबाई वर गेल्या, नाचणीचं पीठ, सुकट आणि टोपलीत एक कोंबडी घेऊन. सोनाली सासरच्या घरातून दोन गल्ल्या चालत माहेरी आली. तिच्या मागून दुसरी आली, तिची आई आली. त्या मुलींची बाळंतपणं तिथल्या मोठ्या दवाखान्यात झाली की आकड्यात आळे वर जाणार. उंबरदऱ्याच्या नावावर काहीच नाही. आणि गंमत अशी की काहीच नाही म्हटल्यावर काही बिघडतही नाही. घरी बाळंतपण नाही, वाटेत नाही, अडचण नाही, धोका नाही. माझ्या पडद्यावर उंबरदरा हिरवं झालं. बाळंतपणाची खोली बंद झाली आणि बाळंतपणाची सगळी ध्येयं एका झटक्यात पूर्ण झाली. तालुक्यात पहिला नंबर, पुण्याला सत्कार.

ही बातमी सांगायला मी एका रविवारी आळ्याला गेले. संध्याकाळची वेळ होती. सिस्टर ओसरीवर बसून दोन गरोदर पोरींना पुढ्यात घेऊन शेंगा सोलत होत्या. ठकूबाई चुलीपाशी. सिस्टरांचे यजमान, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "या. तुमी पन बाळंतपणाला का?"

मी सत्काराचं सांगितलं. सिस्टरांनी तारीख विचारली, ती सोनालीच्या तारखेच्या आसपासची निघाली.

"मला नाय जमायचं."

"सिस्टर, पुरस्कार तुमचा आहे. मंत्री येणार आहेत."

"कशाचा? खोली बंद झाल्याचाच ना? मंग बंद केली त्यांना द्या. ते जातील."

तेवढ्यात फाटकाशी सोनालीचा नवरा संतोष आला, हातात दुधाची बरणी. हा संतोष अण्णांचा ट्रॅक्टर चालवतो, सकाळीच दोघांची ट्रॅक्टरवरून भांडाभांडी झाली होती. अण्णा तिथूनच ओरडले, "काय रं, टायर बसला का?"

"अहो," सिस्टर म्हणाल्या, "तो जावई म्हनून आलाय. टायरचं उद्या."

अण्णा क्षणभर उभेच राहिले. मग आत गेले, टोपी घालून आले आणि त्यांनी ओसरीवर घोंगडी अंथरली. सोनाली तोंड वळवून हसत होती. संतोषनं बरणी पुढं केली तशी ठकूबाईंनी पदर ओढला. "जावयाच्या घरचं दूध. मला चालायचं न्हाई."

"मावशी, आमचं कुठलं, अण्णांच्याच म्हशीचं," संतोष म्हणाला. "सकाळी त्यांनीच दिल्यालं."

"तुमाला दिलं म्हंजी तुमचंच झालं की."

सिस्टरांनी बरणी हातातून घेतली. "आता त्यानं मला दिलं. म्हंजी माझं झालं. ठकू, चहा टाक, आन पहिला कप तू घे. रातचं तुलाच जागायचं हाय पोरीपाशी." दुधाकडं बघून म्हणाल्या, "थोडं पाणी घातलंय वाटतं, संतोष." संतोष घोंगडीवर जाऊन बसला.

ठकूबाईंनी कप घेतला आणि आडोशाला वळून संपवला. मी जायला उठले. फाटकापाशी चप्पल घालताना मागं पाहिलं. घोंगडीवर अण्णा आणि संतोष समोरासमोर बसले होते, मांड्या घालून, हात गुडघ्यांवर. टायरचं बोलायचं नव्हतं, आणि दुसरं काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं. सिस्टर आतून म्हणाल्या, "अहो, इचारा की जावयाला काहीतरी."

अण्णांनी टोपी सारखी केली. दोन गल्ल्यांपलीकडचं संतोषचं घर ओसरीवरून दिसत होतं.

"मंग पावणं," अण्णा म्हणाले, "प्रवास कसा झाला?"

"बरा झाला," संतोष म्हणाला.